तीन टनी खटारा

‘खटारा’ हा शब्द आज आपण केवळ हेटाळणीने वापरतो. चढणीवर धापा टाकणारी, धूर ओकणारी, मालकाला चारचौघांत खाली पाहायला लावणारी गाडी म्हणजे खटारा. वस्तुतः हा शब्द ओझे वाहणाऱ्या गाडीचा. छकडा, दमणी, रेंगी ही माणसांना नेणारी हलकी वाहने, खटारा मालाचा. मालवाहतूक दुसऱ्या वाहनांकडे गेली तसा हा शब्द रिकामा होत गेला आणि रिकाम्या शब्दात बहुधा जे भरते तेच त्यातही भरले : तुच्छता. अर्थापकर्षाची उदाहरणे देताना मी वर्गात हा शब्द अनेक वर्षे वापरीत आलो. अशा अर्थापकर्षाच्या पाठीशी कुठलातरी व्यवहार मोडल्याची हकीकत असते, हेही सांगत आलो. पण ती हकीकत शब्दाऐवजी साक्षात वस्तूच्या अंगावर वाचण्याचा योग मला आला, तो मराठी मुलखात नव्हे. कॅनडातील एका ओसाडत चाललेल्या गावात.

२०२२ च्या सप्टेंबरात मी सस्कॅचवान प्रांतात, रेजायना या राजधानीच्या शहरी, पुतण्याकडे महिनाभर होतो. वॉलेस स्टेग्नर या अमेरिकन लेखकाचे ‘वुल्फ विलो’ हे १९६२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मी पूर्वी वाचले होते. स्टेग्नरचे १९१४ ते १९२० ही बालपणाची वर्षे याच प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ईस्टएंड या गावी गेली, आणि पुस्तक त्या गावाविषयी आहे. ते गाव पाहावे म्हणून एका शनिवारी आम्ही निघालो. ईस्टएंडला संध्याकाळी पोचलोही. पण त्याविषयी इथे लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते वाटेतल्या एका गावाविषयी. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. वस्ती उणीपुरी तीस माणसांची आहे आणि तिथे कोणाचाही उल्लेख केला तरी माणूस ओळखू येईल.

प्रेअरीला मराठीत शब्द नाही. ‘माळ’ म्हटले की दगडगोटे, खुरटे गवत आणि नापिकी डोळ्यांसमोर येते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कुरण असा असला तरी ‘कुरण’ म्हणूनही भागत नाही, कारण कुरणाला कुठेतरी कड असते. इथे कड नाही. जमीन क्षितिजापर्यंत सपाट किंवा किंचित उंचसखल, आणि तिच्यावर काटकोनात आखलेले खडीचे रस्ते. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एकेक चौकोन, त्यात छत्तीस चौरस, प्रत्येक चौरस सहाशे चाळीस एकरांचा. १८७२ च्या जमीन कायद्यान्वये त्याचा पाव हिस्सा, म्हणजे एकशे साठ एकर, दहा डॉलर फी भरून आणि तीन वर्षे तिथे राहून, नांगरून, मिळवता येई. आपल्याकडे शेताचा आकार ओढ्याने, बांधाने, भाऊबंदकीने ठरलेला. इथे तो कागदावर आधी ठरला आणि माणसे मागाहून आली. पूर्वी अशा सपाटीवर गाव दिसण्याआधी त्याचे धान्याचे एलिव्हेटर दिसत, आपल्याकडे वेशीआधी देवळाचा कळस दिसावा तसे. आता बहुतेक ठिकाणी दिसतो तो वसाहतवाल्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या कॅरागानाच्या झुडपांचा नि झाडांचा पुंजका.

असिनिबोया मागे पडल्यावर अशाच एका पुंजक्यापाशी आम्ही थांबलो. एकच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दर्शनी भिंतींची दुकाने, त्यांतली बहुतेक बंद. पेट्रोलपंपाला लागून कॉफीची एक खोली तेवढी जिवंत होती. रस्ता जिथे संपतो तिथे पूर्वी रेल्वे होती. रूळ काढून नेलेले, भराव तेवढा राहिलेला. भरावाच्या अलीकडे सिमेंटचा एक चौथरा, आणि चौथऱ्याशेजारी, कॅरागानाच्या कुंपणाला पाठ लावून, तो उभा होता.

तो म्हणजे ट्रक. पण आपल्या महामार्गावरील रंगीबेरंगी, लिंबूमिरची बांधलेल्या ट्रकशी त्याचे नाते जोडू नये. हा शेतावरचा ट्रक. पुढे फिकट हिरव्या रंगाची, गंजाने खालून खात आणलेली केबिन. मागे फळ्यांची उघडी, उभट पेटी, कधीकाळी तांबड्या रंगाने रंगवलेली. पेटीच्या मागच्या फळीत मधोमध, तळाशी, पत्र्याचे एक सरकते दार होते, वीतभर रुंदीचे. सगळे धान्य एकदम ओतायचे नसेल तेव्हा ते वर सरकवायचे. गहू धारेने पडतो. पुढच्या जाळीतून विजेची एक वायर लोंबत होती. थंडीत पारा उणे तीस-पस्तीसवर उतरला की इंजिन रात्रभर विजेवर उबदार ठेवावे लागते, त्यासाठी ती. पेटीच्या तळाच्या फटींत मागच्या हंगामाचे की कुठल्या हंगामाचे कोण जाणे, दाणे अडकले होते आणि पावसाने ते उगवले होते. बोटभर उंचीचे हिरवे कोंब, फळीच्या रेषेने ओळीत. मला ते पाहून बरे वाटले की वाईट, हे त्या क्षणी सांगता आले नसते.

बॉनेटच्या पुढच्या कडेवर सुटी धातूची अक्षरे होती. दोन गळाली होती, पण त्यांची भोके राहिली होती, त्यामुळे शब्द वाचता येत होता : मर्क्युरी. रोमनांचा व्यापाराचा, प्रवाशांचा आणि (हे त्यांच्या बुद्धीला शोभणारेच) चोरांचाही देव. पुतण्याने सांगितले की हा खरा तर फोर्ड. फोर्ड कंपनी १९४६ ते १९६८ या काळात कॅनडात हेच ट्रक मर्क्युरी या दुसऱ्या नावानेही विकीत असे. कारण अगदी व्यवहारी होते. लहान गावात कंपनीचा एकच विक्रेता असे. एका गावात फोर्डचा, दुसऱ्यात लिंकन-मर्क्युरीचा. दुसऱ्याकडे विकायला ट्रक नसला तर गिऱ्हाईक हातचे जाई. म्हणून एकाच वस्तूला दोन नावे. क्रायस्लर कंपनीनेही डॉज ट्रकवर फार्गो नावाची पट्टी लावून हेच केले, कॅनडात १९७२ पर्यंत. आपल्या कोशांत समानार्थी शब्द दिलेले असतात तेव्हा ते एकाच वस्तूकडे जाणारे दोन गावांचे रस्ते असू शकतात, याची इतकी लखलखीत साक्ष मला पूर्वी मिळाली नव्हती.

बोलीभाषेत मात्र त्याला ना फोर्ड म्हणत ना मर्क्युरी. अशा ट्रकला प्रेअरीवर ‘तीन टनी’ म्हणतात. खटाऱ्यासारखेच हे नावही ओझ्यावरून पडलेले. आणि ओझ्यावरून पडलेल्या नावांप्रमाणेच ते फारसे खरे नाही. पेटीत अडीचशे बुशेल गहू सहज मावतो. गव्हाचा बुशेल साठ पौंडांचा, म्हणजे सत्तावीस किलोंचा. हिशेब पावणेसात टनांच्या पुढे जातो. नाव तीन टनांचे आणि काम दुपटीहून अधिक, हे बैलाला काय किंवा माणसाला काय, नवीन नाही.

हा ट्रक नीट वाचायचा तर शेजारचा सिमेंटचा चौथरा आधी वाचावा लागतो. तिथे गावचा एलिव्हेटर होता. रेल्वेच्या कडेने सुमारे सहा ते दहा मैलांवर एक, अशा हिशेबाने ही लाकडी, सत्तर-ऐंशी फूट उंचीची कोठारे बांधली गेली. हे अंतर कोणाच्या लहरीने ठरलेले नव्हते. घोड्यांच्या गाडीत गहू भरून शेतकऱ्याने सकाळी निघावे, माल टाकावा आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे, इतकेच अंतर दोन कोठारांत असू शकत होते. म्हणजे प्रेअरीवरील गावांची रचना घोड्याच्या दमावर बेतलेली होती. १९३० च्या दशकात कॅनडात अशी ५,७०० हून अधिक कोठारे होती. घोडे जाऊन ट्रक आला तेव्हा तो या तयार अंतरात येऊन बसला, घोड्याच्या जागी, घोड्याच्याच मापाने.

माल टाकण्याचा विधी (विधीच म्हणतो) असा असे. ट्रक उतरंडीवरून चढून कोठाराच्या दाराने आत येई आणि काट्यावर उभा राही. एजंट भरलेल्या ट्रकचे वजन घेई, मूठभर नमुना काढून गहू कुठल्या प्रतीचा, त्यात काडीकचरा किती, दमटपणा किती ते पाही. बुशेलमागे चार पैसे इकडे की तिकडे हे त्या मुठीत ठरे. त्यामुळे एजंट गावचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत संशयित माणूस असे. मग ट्रकची पुढची चाके उचलली जात. ट्रकला स्वतःची पेटी उचलण्याची सोय नसेल तर कोठारातील यंत्र पुढचे अंगच वर उचलून धरी. गहू मागून जाळीखालच्या खड्ड्यात पडे, तिथून वाट्या लावलेला अखंड पट्टा त्याला माथ्यावर नेई आणि तो निरनिराळ्या कप्प्यांत सोडला जाई. रिकाम्या ट्रकचे पुन्हा वजन, वजाबाकी, आणि गहू-मंडळाच्या परवाना पुस्तिकेत नोंद. हे गहू-मंडळ १९३५ साली स्थापन झाले, आणि प्रेअरीच्या गव्हाची विक्री त्याच्याच मार्फत करण्याची सक्ती पुढे २०१२ पर्यंत टिकली. या सगळ्याला अर्धा तास लागे. रांग असली तर दोन तास. रांगेत माणसे ट्रकच्या मडगार्डला टेकून बोलत. लग्ने, उधाऱ्या, निवडणुका यांतले पुष्कळसे त्या रांगेत ठरले असावे.

मग अंतर बदलले. गव्हाची रेल्वे-वाहतूक स्वस्तात व्हावी म्हणून १८९७ च्या करारान्वये बांधून दिलेला दर, ज्याला तिथे ‘क्रो रेट’ म्हणतात, त्याचे शेवटचे अवशेष १ ऑगस्ट १९९५ रोजी संपले. जमीनमालकांना एकरकमी भरपाई मिळाली, पण स्वस्त दर गेला तो गेलाच. आधीपासून उखडल्या जात असलेल्या शाखा-मार्गांची गच्छंती त्यानंतर वेगाने झाली. शंभर-शंभर डब्यांची गाडी एकाच ठिकाणी भरता येईल अशी काँक्रीटची प्रचंड कोठारे मुख्य मार्गांवर उभी राहिली आणि लाकडी कोठारे पाडण्यात आली. शेतकऱ्यांनी १९२३-२४ साली उभा केलेला सहकारी ‘सस्कॅचवान व्हीट पूल’ १९९६ मध्ये भागबाजारात गेला आणि २००७ मध्ये ते नावही उरले नाही. पन्नास-साठ मैलांवर गहू न्यायचा तर चाळीस टनांहून अधिक माल एका खेपेत वाहणारी ‘सेमी’ हवी; आणि सेमी परवडायची तर त्या प्रमाणात जमीन हवी. १९३६ साली या एका प्रांतात सुमारे १,४२,००० शेतघरटी होती. २०२१ च्या गणनेत ती ३४,००० च्या आसपास आली. तीन टनी ट्रक मोडला नव्हता. त्याचे इंजिन, त्याची चाके, सर्व जागच्या जागी होते. तो ज्या अंतरासाठी होता ते अंतर मोडले.

गंजका ट्रक, भोवती उंच गवत, मागे मावळतीचे आकाश : अशी छायाचित्रे तिथल्या दिनदर्शिकांवर आणि विमानतळावरच्या भेटकार्डांवर शेकड्यांनी असतात. स्मरणरंजनाचा हा जागतिक नमुना आहे आणि आपणही त्यात मागे नाही. पुण्या-मुंबईकडच्या महामार्गांवरील उपाहारगृहांच्या दारात बैलगाडीचे चाक वॉर्निश लावून टांगलेले असते. त्या चाकाला कोणी विचारत नाही की तू उसाच्या फडावरचे की गुळाच्या पेठेवरचे. आपल्या समीक्षेतही ग्रामीण साहित्याच्या चर्चेत हे वॉर्निश अधूनमधून लागते, असे माझे मत आहे. वस्तू जुनी आहे एवढ्यानेच ती अर्थपूर्ण ठरते; ती कशाला उपयोगी होती हा प्रश्न अरसिक ठरतो.

आम्ही फिरून फिरून पाहत होतो म्हणून की काय, कॉफीच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पुरुषी कोट घातलेल्या. “फोटो काढायचेत तर काढा,” त्या म्हणाल्या, “सगळेच काढतात. फक्त दार जोरात ओढू नका, हातात येईल.” ट्रक त्यांचा होता. १९६३ साली सासऱ्यांनी नवा घेतलेला. त्या स्वतः बारा वर्षांच्या असल्यापासून माहेरच्या ट्रकवर शिकल्या होत्या. पाय क्लचला पुरत नसत म्हणून बसायला बियाण्याची पोती. कापणीच्या दिवसांत यंत्र बाप चालवी, ट्रक आई किंवा मुले. “इथल्या बायकांना कोणी गाडी शिकवली नाही. गव्हाला थांबायला वेळ नव्हता, इतकंच.” या ट्रकच्या गिअरच्या दांड्यावर एक बटण होते, ते वर ओढले की मागचा आस जलद गतीला जाई, खाली दाबले की जड ओझ्याला सोसेल अशा मंद गतीला. त्यांनी ते मला दाबायला लावले. आवाज काही झाला नाही, पण त्यांनी मान हलवली, जणू झाला.

पेट्रोलचा विषय निघाला तेव्हा त्या हसल्या. शेतीसाठीच्या पेट्रोलवर कर नसे. ओळखू यावे म्हणून त्यात जांभळा रंग मिसळत. शेताच्या ट्रकला ते चाले, घरच्या मोटारीला नाही. पोलीस टाकीत नळी घालून रंग पाहत. “आमच्या चर्चबाहेर ज्या दिवशी तपासणी झाली असती त्या दिवशी पाद्रीसुद्धा चालत घरी गेले असते.”

त्यांच्या वडिलांनी मात्र याहून वेगळे वाहन पाहिले होते. १९३० च्या दशकात पाऊस आणि भाव दोन्ही गेले. जॉन पॅलिसरच्या १८५७ ते १८६० च्या पाहणीने हा दक्षिणेचा त्रिकोणी टापू शेतीला कोरडा ठरवला होता आणि ते कोणी मनावर घेतले नव्हते. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी मोटारीचे इंजिन काढले आणि पुढे घोडे जुंपले. त्या वाहनाला ‘बेनेट बग्गी’ हे नाव तत्कालीन पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्यावरून पडले. त्यांचा कार्यकाल १९३० ते १९३५. एवढ्या मोजक्या शब्दांत एवढे मोठे राजकीय भाष्य आढळणे कठीण. त्याच अवर्षणाच्या दशकात सीमेच्या पलीकडे, स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या १९३९ च्या कादंबरीत, जोड कुटुंब जुनी हडसन मोटार मागून कापते, तिचा ट्रक करते आणि ओक्लाहोमा सोडते. इकडे मोटारीची गाडी झाली ती राहण्यासाठी, तिकडे मोटारीचा ट्रक झाला तो जाण्यासाठी. ‘बनगरवाडी’तही दुष्काळाने वाडी ओस पडते, पण तिथली माणसे मेंढरांमागून पायी जातात. दुष्काळात माणूस कशावर बसून जातो, की बसतच नाही, याची नोंद तौलनिक अभ्यासात व्हायला हवी. आपण दुःखाची तुलना करतो, वाहनांची करत नाही.

बाईंचे बोलणे ऐकताना मला वारंवार आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ची (१९७१) आठवण होत होती. तिथे नारबाचे सारे आप्त म्हणजे मळ्यातली जनावरे, आणि ट्रॅक्टर येतो तो हे गणगोत तोडायला. यंत्र परके, जनावर आपले, ही विभागणी आपल्या ग्रामीण जाणिवेत इतकी रुजली आहे की ती आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. या बाई ट्रकविषयी जे बोलत होत्या ते मात्र गोतावळ्याचे बोलणे होते : त्याला थंडी सोसत नसे, डावीकडे ओढायची त्याची खोड, सासऱ्यांशिवाय दुसऱ्याच्या हाती तो पहिल्या झटक्यात कधी सुरू झाला नाही. प्रेअरीवरच्या या शेतकऱ्याच्या स्मरणात यंत्रापूर्वीचे गाव जवळजवळ नाहीच. सस्कॅचवान हा प्रांतच १९०५ सालचा. रेल्वे आधी, गाव मागून. वाफेचे इंजिन आणि पहिला नांगर एकाच पिढीतले. तिथे जुने म्हणजे यंत्रच. तेव्हा यंत्र विरुद्ध गाव ही मांडणी तिथे लागू पडत नाही. लहान यंत्र विरुद्ध मोठे यंत्र, अशी करावी लागते. आणि ती एकदा तिथे केली की आपल्याकडेही पुन्हा तपासून पाहावीशी वाटते. नारबाचे दुःख ट्रॅक्टरमुळे, की मळ्याच्या मापाचा आणि नफ्याचा हिशेब बदलल्यामुळे? कादंबरी या दोन्ही वाचनांना जागा देते. आपण पहिलेच शिकवत आलो आहोत.

अर्थात ‘यंत्रापूर्वीचे गाव नाही’ हे म्हणणे वसाहतवाल्यांपुरतेच खरे आहे. त्यांच्याआधी या जमिनीवर क्री, सोटो, असिनिबॉइन आणि मेटी लोक होते. दक्षिण सस्कॅचवानचा मोठा भाग १८७४ च्या चौथ्या तहाखाली आला. मेटी लोकांचे ‘रेड रिव्हर’ गाडे संपूर्ण लाकडाचे व कातड्याचे असत. आसाला वंगण घातले तर धूळ चिकटून तो झिजे, म्हणून घालीत नसत, आणि तांडा निघाला की त्याचा कर्कश आवाज कोसांवर ऐकू जाई. बायसनचे कळप १८७० चे दशक संपता संपता नष्ट झाले. पुढे रेल्वे आली तेव्हा गहू फार थोडा होता. अशाच गाड्यांतून माळावर पसरलेली बायसनची हाडे गोळा करून स्टेशनावर आणली गेली आणि डब्यांत भरून खतासाठी, साखर शुद्ध करण्यासाठी दक्षिणेला रवाना झाली. रेजायनाच्या जुन्या क्री नावाचा अर्थच हाडांचे ढीग. म्हणजे या भूमीवरच्या मालवाहतुकीच्या आरंभी गव्हाबरोबर हाडेही आहेत. हे बाईंना मी बोलून दाखवले नाही. परंतु निघता निघता त्यांनीच सांगितले की सासऱ्यांनी जमीन फोडली तेव्हा नांगराला एक अखंड कवटी लागली होती आणि ती बरीच वर्षे कोठीच्या दारावर होती.

ट्रकला गिऱ्हाईक आले होते. कॅल्गरीच्या कोणा उपाहारगृहवाल्याला केबिन आणि पुढचा भाग हवा होता, भिंतीतून बाहेर आल्यासारखा बसवायला. मागची पेटी नको. बाहेरचा गंज तसाच राखून त्यावर पारदर्शक लेप द्यायचा, आत मात्र बैठक, अस्तर सगळे नवे करायचे, कारण लोक आत बसून फोटो काढतील. किंमत चांगली देत होता. बाईंना विकायचे नव्हते असे नाही. मुलगा सस्कटूनला नोकरीत, जमीन भाडेपट्ट्याने दिलेली. मी गेल्यावर हा इथेच कुजणार, त्या म्हणाल्या, रडण्यासारखे काही नाही.

“पण आतलं अस्तर नवं करणार म्हणतो,” त्या पुढे म्हणाल्या आणि मला चालकाच्या जागेवर बसवून वर पाहायला सांगितले.

छताला आतून लावलेला तपकिरी पुठ्ठा शिसपेन्सिलीच्या आकड्यांनी भरलेला होता. वर्षवार रकाने. प्रत्येक रकान्यात खेपांच्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, तारखांसह. कुठे ‘बर्फ’, कुठे ‘गारपीट, पूर्वेचा पाव हिस्सा गेला’. काही तारखांपुढे एकच अक्षर, इंग्रजी टी. ते ‘टफ’चे, म्हणजे गहू दमट निघाला, भाव कापला गेला. दमट गव्हाला ‘टफ’ म्हणजे चिवट म्हणणे आणि मराठीत आपण ‘यंदा जरा टफ आहे’ म्हणणे, यांतले साम्य माझ्या ध्यानात आले आणि तिथेच सोडून दिले. रॉबर्ट क्रोएत्श या प्रेअरीच्याच कवीने १९७७ मध्ये ‘सीड कॅटलॉग’ हे दीर्घकाव्य बियाण्यांच्या विक्रीपत्रकातून उभे केले. जिथे ग्रंथ नाहीत तिथे कवीने वाचायचे काय, या प्रश्नाला त्याने दिलेले ते उत्तर होते. तो या पुठ्ठ्यापुढे थबकला असता. मला तर बखरीतल्या नोंदी आठवल्या. पण बखरीला आश्रयदाता लागतो, हिला गहू पुरला.

हस्ताक्षरे तीन होती. पहिले सासऱ्यांचे, सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारणारे, युरोपातून आणलेल्या वळणाचे. दुसरे त्यांच्या मुलाचे. त्याच्या खालोखाल, आधी एखाददुसऱ्या ओळीत आणि पुढे सलग, बाईंचे. १९९१ नंतर त्यांचेच. मी का म्हणून विचारले नाही.

“सौदा झाला तरी हा पुठ्ठा मी काढून घेणार,” त्या म्हणाल्या. “चार स्क्रू आहेत. त्याला सांगितलंय. तो म्हणाला, ठेवा ना, आम्ही काच लावू त्यावर. मी म्हटलं, नको.”

मी त्यांच्या परवानगीने शेवटचे दोन रकाने वहीत उतरवून घेतले. त्या शेजारी उभ्या राहून न समजणाऱ्या खुणा सांगत होत्या. १९९८ मध्ये चौतीस खेपा, सगळ्या गावच्या एलिव्हेटरवर, पाच टी. १९९९ च्या उन्हाळ्यात एलिव्हेटर पाडला गेला आणि त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या तीन टनी घेऊन अठ्ठावन्न मैलांवरच्या काँक्रीटच्या कोठारावर जाऊ लागल्या. दिवसाला दोन खेपा, तिथे रांगेत सगळ्या सेम्या आणि हा एकटा. त्या रकान्यात अकरा रेघा आहेत. बाराव्या वेळचा गहू भाड्याच्या सेमीने नेला, तिच्या मालकाने त्याची नोंद संगणकावर केली आणि पावती टपालाने आली.